सूर्य डोळ्यांवर येतो तेव्हा...

संध्याकाळचे पावणेसहा-सहा वाजलेले. क्लास संपवून मी सिडकोकडून क्रांती चौकाकडे निघाले होते. छत्रपती संभाजीनगरचा जालना रोड तुम्हाला माहीत असेल तर पुढचं चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल. हा रस्ता जवळजवळ सरळ पूर्व-पश्चिम जातो. मोंढा नाक्याच्या पुलावर गाडी चढवली, चढ संपला आणि समोरचं सगळं पांढरं झालं. पुढची रिक्षा नाही, डिव्हायडर नाही, काहीच नाही. नुसता सूर्य. मी काय केलं असेल? जे तुम्ही करता तेच. डावा हात उचलून डोळ्यांवर धरला. आणि त्याच क्षणी समोर अगदी हाताच्या अंतरावर एक हातगाडी दिसली. ढकलणारे काका शांतपणे चालले होते. ब्रेक लागला, पण अर्धाच, कारण डावा हात कपाळावर होता.

काही झालं नाही. सॅक पडली, काकांनी एक शिवी घातली, मागच्याने हॉर्न वाजवला. पण घरी आल्यावर मी हिशोब मांडला. ताशी ४० किलोमीटरने गाडी चालली असेल तर एका सेकंदात ती ११ मीटर जाते. म्हणजे तीन सेकंद दिसलं नाही तर ३३ मीटर अंतर आपण डोळे मिटून कापलं. साठचा स्पीड असेल तर तेवढ्याच वेळात ५० मीटर.

आता या प्रकाराला आपल्याकडे नाव काय? ‘ऊन डोळ्यांवर आलं.’ बस्स. पावसात गाडी घसरते, धुक्यात दिसत नाही, रात्री समोरच्याचा अप्पर डोळे दिपवतो, या सगळ्यांवर आपण बोलतो. सूर्यावर कोण बोलणार? तो तर रोजचाच.

गंमत अशी की सरकारी आकडेवारीतही त्याला जागा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे होते. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखे. याच अहवालात अपघाताच्या वेळी हवामान कसं होतं याचाही तक्ता असतो. त्यात पाऊस आहे, धुकं आहे, गारा आहेत. आणि सगळ्यात मोठा रकाना आहे ‘ऊन / निरभ्र’ हवामानाचा. जवळपास तीन चतुर्थांश अपघात त्या एका रकान्यात जातात. वर्षातले बहुतेक दिवस आपल्याकडे निरभ्रच असतात, तेव्हा त्यात नवल काही नाही. पण जरा विचार करा. दुपारी बारा वाजता, सूर्य डोक्यावर असताना झालेला अपघात आणि संध्याकाळी सूर्य थेट डोळ्यांत असताना झालेला अपघात, दोन्ही ‘निरभ्र’. हवा छान होती, चूक चालकाची. फाइल बंद.

वेळेच्या तक्त्याचंही तसंच. सर्वाधिक अपघात संध्याकाळी ६ ते ९ या वेळात, त्याखालोखाल दुपारी ३ ते ६ मध्ये. या वेळी गर्दी असते, लोक थकलेले असतात, अंधार पडतो, दारू पिऊन चालवणारे निघतात. सगळं खापर सूर्यावर फोडायचा माझा विचार नाही. पण आपल्याकडे मार्चमध्ये सूर्य मावळतो साडेसहाच्या पुढे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सहाच्या आसपास. तो कठीण तास या दोन रकान्यांमध्ये असा काही वाटला जातो की तक्ता बघून तो हाती लागणारच नाही.

ब्रिटनमध्ये पोलीस अपघाताचा फॉर्म भरायचे त्यात वर्षानुवर्षं ‘डोळे दिपवणारा सूर्य’ असं एक स्वतंत्र कारण होतं. ज्या देशात लोक उन्हाची वाट बघतात, तिथे! तिथल्या हायवे कोडमध्येही साफ लिहिलंय की उन्हाने डोळे दिपले तर वेग कमी करा, गरज पडली तर थांबा. कॅनडातल्या टोरंटोच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जीवघेण्या अपघातांचा धोका लख्ख उन्हात साधारण १६ टक्क्यांनी जास्त असतो, असं त्यांना आढळलं. तो अभ्यास फक्त मावळत्या सूर्याबद्दल नव्हता, एकूणच लख्ख उन्हाबद्दल होता. पण ‘हवा छान आहे’ म्हणजे धोका नाही, हा आपला समज त्याने पुरता मोडला. आपल्याकडे लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत तुम्हाला यावर एखादा प्रश्न आला होता का? मला तरी नव्हता.

मग नेमकं होतं काय? सूर्य क्षितिजापासून साधारण पंधरा अंशांच्या आत असतो तेव्हा तो आपल्या नजरेच्या रेषेत येतो. आपल्या अक्षांशावर तो बऱ्यापैकी सरळ वर चढतो नि सरळ खाली उतरतो, म्हणून हा काळ सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास, थोडा इकडेतिकडे. मार्च आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सूर्य बरोब्बर पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो. म्हणजे जालना रोडसारखे पूर्व-पश्चिम रस्ते त्या दिवसांत थेट त्याच्या रांगेत येतात. सध्या तेच दिवस आहेत. शिवाय परीक्षा, म्हणजे रात्रीची जागरणं आणि जळजळणारे डोळे.

यात एक गोष्ट कुणी सांगत नाही. तुमचं घर शहराच्या कुठल्या बाजूला आहे, यावर बरंच काही ठरतं. वाळूजकडून सकाळी शहरात येणाऱ्या मुलांच्या डोळ्यांत सूर्य असतो, आणि संध्याकाळी परत जातानाही डोळ्यांतच. करमाडकडून येणाऱ्यांना दोन्ही वेळा तो पाठीशी. तेच कॉलेज, तेच टाइमटेबल, पण एकाला रोज दोनदा परीक्षा आणि दुसऱ्याला सुट्टी.

सुट्टी म्हटलं खरं, पण पाठीवरचा सूर्य जास्त फसवा असतो. आपल्याला सगळं लख्ख दिसत असतं. समोरून येणाऱ्याला मात्र आपण दिसत नाही. तुमचा हेडलाइट चालू असला तरी फारसा उपयोग नाही. २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा तो आपोआप चालूच असतो, पण मागे सूर्य असताना त्या दिव्याला कोण विचारतो? उजवीकडे वळणारा टेम्पो, गल्लीतून निघणारी कार, रस्ता ओलांडणाऱ्या आजी, या सगळ्यांसाठी तुम्ही त्या वेळी नसताच. ओळखायची खूण सोपी आहे. सावली बघा. ती तुमच्या पुढे पडली असेल आणि लांबलचक असेल, तर समोरचा आंधळा आहे असं धरून चाला. सूर्य दहा अंशांवर असताना सावली आपल्या उंचीच्या पाच-सहा पट होते. चौकात समोरचा ‘थांबलाय’ म्हणजे त्याने आपल्याला पाहिलंय, असं नाही.

सिग्नलचीही तीच कथा. सूर्य सिग्नलच्या मागे असला की तो काळा ठोकळा दिसतो. सूर्य आपल्या पाठीशी असला तर त्याचे किरण सिग्नलच्या काचेवर पडतात आणि लाल-हिरवे दोन्ही पेटल्यासारखे वाटतात. अशा वेळी मी सिग्नलकडे बघतच नाही, आडव्या रस्त्यावरची गर्दी चालतेय की थांबलीय ते बघते. आणि ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉली! रिफ्लेक्टर नाही, मागचा दिवा उसाखाली गाडलेला. तिच्या मागे सूर्य असेल तर ती तुम्हाला दिसेल ती सावलीत शिरल्यावरच.

उपाय काय? सगळ्यात स्वस्त उपाय व्हायझर पुसणं हा आहे. हसू नका. व्हायझरवरचा प्रत्येक ओरखडा, प्रत्येक धुळीचा कण सूर्याचा प्रकाश पसरवतो आणि समोर दुधाळ पडदा तयार होतो. तेच व्हायझर दुपारी ठीक वाटतं आणि सहा वाजता निकामी ठरतं. ते कोरड्या टी-शर्टने घासणं म्हणजे नवे ओरखडे पाडणं. ओला मऊ कपडा दोन मिनिटं त्यावर ठेवा, मग पुसा. पेट्रोल किंवा थिनर अजिबात नको, त्याने प्लास्टिक खराब होतं. फारच ओरखडले असेल तर बदला. नवं व्हायझर अख्ख्या हेल्मेटपेक्षा खूप स्वस्त मिळतं.

दुसरा उपाय जुन्या रायडर मंडळींचा आहे. व्हायझरच्या वरच्या कडेला काळ्या इलेक्ट्रिक टेपची एक आडवी पट्टी लावायची. एरवी ती नजरेत येत नाही. सूर्य समोर आला की मान किंचित खाली केली, की पट्टीआड सूर्य आणि पट्टीखाली रस्ता. कारवाल्यांना सन व्हायझर असतं, आपलं हे असं. मी लावलीय. दिसायला भंगार आहे, पण काम करते. आतून खाली ओढायची काळी काच असलेलं हेल्मेट परवडत असेल तर उत्तमच. मात्र बाहेरची काच काळी असलेलं हेल्मेट घेऊ नका. सहा वाजता ते छान वाटतं आणि सातला तुम्ही अंधारात असता.

अर्थात हे सगळं हेल्मेट घालणाऱ्यांसाठी. २०१९ च्या सुरुवातीला हेल्मेटसक्तीची कारवाई सुरू झाली तेव्हा पुण्यात तिच्या विरोधात मोर्चा निघाला होता. हेल्मेटवरची आपली सगळी चर्चा डोकं वाचण्याभोवती आणि पावतीभोवती फिरते. नियमानुसार दंड १००० रुपये, वर तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं. पण हेल्मेट ही डोळ्यांची गोष्टही आहे, हा मुद्दा दोन्ही बाजूंनी कधी कुणी काढल्याचं मला आठवत नाही.

आणि तो डावा हात. स्कूटरवाल्यांनी हे नीट ऐका. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून निदान कॉम्बी ब्रेक असतोच. स्कूटरला त्याचा लिव्हर डाव्या हाताला असतो, तो दाबला की पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक लागतात. ज्या हाताने आपण ऊन अडवतो, तोच आपला मुख्य ब्रेक आहे. बाइकला डावीकडे क्लच असतो, पण एका हाताने बाइक खड्ड्यातून काढून बघा.

एवढं करूनही दिसलं नाही तर? इंडिकेटर द्या, हळूहळू डावीकडे या आणि रस्त्याच्या पार बाहेर थांबा. अचानक ब्रेक मारून मध्येच थांबू नका, कारण मागच्याच्या डोळ्यांतही तोच सूर्य आहे.

आमच्या क्लासच्या सरांना मी विचारलं, संध्याकाळची बॅच या महिन्यापुरती पाऊण तास पुढे नेता येईल का? ते आधी हसले. मग म्हणाले, वाळूजची किती मुलं आहेत ते मोजून सांग. मी मोजली. अकरा आहेत. सोमवारपासून बॅच पावणेसातला सुटणार आहे. मुलींच्या घरून मात्र उशिरावरून कुरकुर सुरू झालीय, त्यात माझी आईसुद्धा आहे.