न्हाणीघरातील धुराडे व व्यापाऱ्याचा धर्म

जामसांवलीच्या हनुमंताच्या दर्शनास मंगळवारी व शनिवारी लोटणारी गर्दी आपल्या भागास नवी नाही. नागपूर-छिंदवाडा मार्गावरील या क्षेत्री विदर्भातून व मध्यप्रदेशातून भाविक येतात. कित्येक जण आदल्या रात्रीच मुक्कामास उतरून भल्या पहाटे स्नान उरकतात. पौष-माघाच्या थंडीत अशा यात्रेकरूस ऊन पाणी पुरविणे ही सेवाच होय. परंतु ही सेवा जेथे गॅस गीझरवर सोपविली आहे, तेथे एक प्रश्न प्रत्येक धर्मशाळाचालकाने, घरमालकाने व गीझर विकणाऱ्या दुकानदाराने स्वतःस विचारला पाहिजे : या यंत्रातील जळालेला वायू बाहेर जातो कोठून? २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झालेल्या आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात बांधकामे झपाट्याने वाढत असताना हा प्रश्न गौण मानून चालणार नाही.

आपल्या आजी-आजोबांच्या काळी पाणी तापे ते तांब्याच्या बंबात. बंब बहुधा अंगणात किंवा परसात असे. त्याच्या पोटातून उभी नळी गेलेली असे आणि धूर त्या वाटेने वर निघून जाई. थोडा धूर पसरलाच तर डोळे चुरचुरत, खोकला येई व माणूस आपोआप दूर सरे. धुराचा जाच होता, पण त्याच जाचात इशाराही होता. गॅसने जाच नाहीसा केला आणि त्याबरोबर इशाराही नाहीसा केला. ज्योत निळी, भिंत स्वच्छ, डोळ्यांत पाणी नाही. म्हणून आपण समजतो की येथे धूरच नाही. ही समजूत घातक आहे.

‘गीझर’ हे नाव ज्या यंत्रामुळे रूढ झाले ते लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉघन यांनी १८६८ साली तयार केले. त्या पहिल्या यंत्रास धूर बाहेर नेणारी नळी नव्हती. पुढे जगाने ही उणीव ओळखली. ब्रिटनमधील १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार न्हाणीघरात बसवावयाचे उपकरण पूर्णतः बंदिस्तच असावे लागते. म्हणजे त्याने हवा बाहेरून घ्यावी व जळालेला वायूही थेट बाहेरच सोडावा. आपल्याकडे मात्र विनानळीचे स्वस्त गीझर अजूनही लहानशा मोरीत, बंद दाराआड टांगले जातात.

व्यापारी वाचकांस जमाखर्चाच्या भाषेत सांगणे सोयीचे होईल. एक किलो गॅस पूर्णपणे जळण्यास सुमारे १२ घनमीटर, म्हणजे ४२० घनफुटांच्या आसपास हवा लागते. मिनिटास ६ लिटर पाणी चांगले तापविणारा गीझर तासास साधारण एक किलो गॅस जाळतो. आता ६ फूट लांब, ४ फूट रुंद व ८ फूट उंच न्हाणीघर घ्या. त्यात एकंदर हवा १९२ घनफूट. दोन यात्रेकरूंनी लागोपाठ स्नान केले व गीझर पाव तास चालला, तर एवढ्या अवधीत ज्योत सुमारे १०० घनफूट हवा मागते. बाहेरून जमा काहीच नसेल, तर निम्म्याहून अधिक भांडवल पंधरा मिनिटांत खर्ची पडले!

प्राणवायू उणा पडू लागला की गॅस अपुरा जळतो व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्यास रंग नाही, वास नाही. सिलिंडरमधील गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. या वायूस तसा वास कोणी देऊ शकत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने त्यास धरून ठेवते. परिणामी डोके जड होते, मळमळते, पायांतील बळ जाते. दाराची कडी काढावी इतकेही त्राण उरत नाही. जानेवारी २०२० मध्ये मुंबईच्या बोरिवली उपनगरात एका शाळकरी मुलीचा असाच अंत झाला. अशा प्रसंगांना भारतीय वैद्यकीय लेखनात ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असे नावच पडले आहे. न्हाणीघरात बेशुद्ध पडलेल्या रुग्णास अपस्माराचा झटका आला असे प्रथम समजले गेल्याचेही डॉक्टरांनी नोंदविले आहे.

यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, ‘इतकी वर्षे वापरतो, काही झाले नाही.’ झाले नाही याचे कारण कदाचित दाराखालची फट असेल, कदाचित फुटलेली काच असेल. उद्या काच बसविली की तेच घर धोक्याचे होईल. दुसरा आक्षेप आपल्या समाजातील आहे : झरोका उघडा ठेवला तर कीटक व पतंग आत येऊन ज्योतीत पडतील. जीवदयेची ही भावना आदरणीयच आहे. परंतु तिचा उपाय झरोका बुजविणे हा नव्हे. गीझरच न्हाणीघराबाहेर मोकळ्या जागी बसवावा आणि आत केवळ ऊन पाण्याचा नळ आणावा. तिसरा आक्षेप मानकाचा. लहान घरगुती गॅस गीझरसाठी आयएस १५५५८ हे भारतीय मानक आहे, व त्याच्या चिन्हाशिवाय यंत्र घेऊच नये. तथापि ते चिन्ह यंत्राची ग्वाही देते, खोलीची नव्हे.

यास्तव नियम सरळ असावेत. विनानळीचा गीझर न्हाणीघरात कदापि बसवू नये. पाऊस व जोराचा वारा यांपासून आडोसा देऊन तो मोकळ्या हवेत लावावा. नळीचा गीझर असल्यास नळी प्रथम सरळ वर जावी, आडवा भाग आखूड असावा व बाहेरच्या बाजूस चढता असावा. टोकास टोपी असावी आणि ते टोक खिडकीजवळ किंवा बंद पोकळीत उघडू नये. खोलीस खाली व वर अशी दोन कायम उघडी तोंडे हवीत. जाळी लावल्यास ती वारंवार साफ करावी. बाहेर हवा फेकणारा पंखा लावला म्हणजे काम झाले असे समजू नये. आत हवा येण्यास वाट नसेल तर तोच पंखा नळीतील धूर उलटा खोलीत ओढतो. ज्योत पिवळी दिसली किंवा काजळी धरली तर गीझर बंद करून मिस्त्रीस बोलवावे. कोणी आत मूर्च्छित आढळल्यास दार उघडून त्यास मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा, तत्काळ रुग्णालयात न्यावे व गीझर चालू होता हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे. कारण यावर शुद्ध प्राणवायू हाच मुख्य उपचार आहे.

आता कर्तव्याचा विचार. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेचे लक्षण सांगताना केवळ प्राणहरणावर बोट ठेवले नाही, तर त्यामागील प्रमादावर ठेवले आहे. पाणी गाळून पिणारा, सूर्यास्तापूर्वी जेवणारा श्रावक जर आपल्या दुकानातून विनानळीचा गीझर विकतो आणि तो कोठे लागणार हे विचारतही नाही, तर त्याचा संयम ताटापुरताच राहिला असे म्हणावे लागेल. माल विकला की संबंध संपला, ही वृत्ती आपल्या पेढ्यांची परंपरा नव्हे. गिऱ्हाइकाच्या हिताची नोंद ठेवतो तोच खरा सावकार.

म्हणून आपल्या संघापुढे माझी नम्र सूचना आहे. सभासद दुकानदारांनी गीझर विकताना जागेची चौकशी करावी. न्हाणीघरातच लावण्याचा आग्रह असेल तर विनानळीचा माल देण्यास स्पष्ट नकार द्यावा. समाजाच्या धर्मशाळांतील प्रत्येक गीझरची थंडीपूर्वी दरवर्षी तपासणी व्हावी आणि तिची नोंद विश्वस्तांच्या सभेत वाचली जावी. यात काही विक्री बुडेल, थोडा खर्च वाढेल. परंतु आपल्या छपराखाली स्नानास गेलेला यात्रेकरू दर्शनास पोहोचलाच पाहिजे, याहून मोठा नफा कोणत्या खतावणीत मांडावयाचा?