मिली... पण कशाचे?



ऑक्टोबर छाटणीच्या बागा पोपटी अवस्थेत यायला लागल्यात आणि ग्रुपवर नेहमीचे मेसेज सुरू झालेत. "जीए १० मिली घ्या." "दादा, १० पुरे का १५ घेऊ?" खाली अंगठे आणि हात जोडलेले. पण १० मिली कशाचे, आणि किती पाण्यात, हे विचारणाऱ्यानं विचारलं नाही आणि सांगणाऱ्यानं सांगितलं नाही. माझं मत स्पष्ट आहे. असा डोस सांगण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

मिली हे माप नाहीच मुळी. मिली म्हणजे हजारावा भाग, एवढंच. कशाचा हजारावा भाग ते पुढचा शब्द सांगतो. लिटरचा असेल तर मिलिलिटर, ग्रॅमचा असेल तर मिलिग्रॅम, मीटरचा असेल तर मिलिमीटर. दुकानात जाऊन नुसतं "निम्मं द्या" म्हटलं तर दुकानदार तोंडाकडं बघत बसेल. नुसतं मिली म्हणजे तसंच झालं.

आता कुणी म्हणेल, आपण दोन किलो कांदा म्हणतो तेव्हा तरी ग्रॅम कुठं म्हणतो? खरं आहे. किलो म्हणजे फक्त हजार. पण काट्यावर दुसरं काही मोजत नाहीत, म्हणून तिथं चालून जातं. फवारणीत तसं नाही. एकाच टाकीत पातळ औषधही जातं आणि पावडरही. (हे शब्द १७९५ साली फ्रान्समध्ये मीटर पद्धत आली तेव्हाचे. मोठ्या मापाला ग्रीक भाषेतले शब्द घेतले, किलो आणि हेक्टो. लहान मापाला लॅटिनमधले, सेंटी आणि मिली. आपल्याकडं मण-शेर जाऊन हे आलं ते १९५६ च्या कायद्यानं.)

जीएचंच उदाहरण घेऊ, कारण तिथं घोळ सगळ्यात मोठा आहे. शिफारस असते १० पीपीएम. पाण्यात पीपीएम म्हणजे एका लिटरला एक मिलिग्रॅम. म्हणजे १० पीपीएमला लिटरमागं १० मिलिग्रॅम शुद्ध जीए पाहिजे. १०० लिटर पाण्याला १००० मिलिग्रॅम, म्हणजे बरोबर १ ग्रॅम. इथवर सोपं आहे. पण बाजारात जीए एका ताकदीचं मिळत नाही. ९० टक्क्याची पावडर आहे, ४० टक्क्याची विरघळणारी आहे, आणि ०.००१ टक्क्याचं पातळ औषधही आहे. ४० टक्क्यावाल्यातून १ ग्रॅम शुद्ध जीए मिळवायला २.५ ग्रॅम पावडर लागते. ९० टक्क्यावाल्याची साधारण १.१ ग्रॅम.

आणि ते ०.००१ टक्क्यावालं? त्याच्या एका मिलिलिटरमध्ये जीए असतं ०.०१ मिलिग्रॅम. मेसेज वाचून कुणी लिटरमागं १० मिलिलिटर ते टाकलं तर बागेला मिळालं ०.१ मिलिग्रॅम. पाहिजे होतं १० मिलिग्रॅम. शंभरपट कमी! ते औषध वाईट नाही, त्याचा डोस आणि त्याची पिकं लेबलवर दिलेली आहेत. पण द्राक्षाचा १० चा आकडा त्याला लावला की फवारणी झाली आणि झालीही नाही. पोपटी अवस्था काही थांबत नाही, चार दिवसांत निघून जाते. उलट बाजूनं ४० टक्क्याचा ग्रॅमाचा हिशेब ९० टक्क्याच्या पावडरीला लावला तर दुपटीहून जास्त डोस जातो. घड वळतात, दांडा ताठ होतो. मग म्हणायचं हवामान खराब होतं.

काही तज्ज्ञ मंडळी म्हणतात, शेतकऱ्याला हे कशाला सांगायचं, त्याला झाकणाचं माप द्या. हे मला अजिबात पटत नाही. पाण्याचं १ मिलिलिटर १ ग्रॅम भरतं, पण पावडरीचं तसं नसतं. कुठली पावडर हलकी, कुठली जड. झाकणभर म्हणजे किती ग्रॅम, हे काट्यावर ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. दागिने मोजायच्या काट्यासारखा छोटा काटा आता फार महाग राहिलेला नाही, एका चुकलेल्या फवारणीपेक्षा तर नक्कीच स्वस्त.

हेक्टरचंही थोडं सांगतो. हेक्टो म्हणजे शंभर. सातबाऱ्यावर आर असतात ना, तसे शंभर आर म्हणजे हेक्टर. एकर म्हणजे जवळपास ४० आर. लेबलवर डोस हेक्टरी असतो आणि आपण बोलतो एकरी. गव्हातल्या मेटसल्फ्युरॉन तणनाशकाचा डोस हेक्टरी २० ग्रॅम, म्हणून एकराची पुडी ८ ग्रॅमची. हेक्टरचा आकडा एकरावर ओतला तर अडीचपट.

पावसातही तेच. "काल पंधरा मिली झाला" असं आपण म्हणतो, ते मिलिमीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर सुमारे ४ हजार लिटर पाणी. हवामान खात्याच्या पत्रकात बऱ्याचदा आकडा सेंटीमीटरमध्ये असतो. तिथं ७ दिसला म्हणून किरकोळ समजू नका, ते ७० मिलिमीटर झाले. मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर गेलं की अतिवृष्टी धरतात.

पाणी तपासणीचा रिपोर्ट हातात आला की क्षारतेचा आकडाच नाही, त्यापुढचं एककही बघा. एक प्रयोगशाळा ०.८ डेसिसिमेन्स प्रति मीटर लिहिते, दुसरी ८०० मायक्रोसिमेन्स प्रति सेंटीमीटर. पाणी एकच आहे. आमच्या भागात एकानं दोन वर्षांचे दोन रिपोर्ट शेजारी ठेवले आणि विहीर खारट झाली म्हणून नवीन बोअरची तयारी चालवली होती.

ग्रुपवर सल्ला देणाऱ्या कृषी पदवीधर भावांना आणि दुकानदार मित्रांना एवढीच विनंती, डोस लिहिताना चार गोष्टी लिहा: औषध किती टक्क्याचं, ग्रॅम का मिलिलिटर, किती लिटर पाण्यात, आणि क्षेत्र एकर का हेक्टर. माझ्या फवारणीच्या वहीत ओळ अशी असते: "जीए ४० टक्के, २.५ ग्रॅम, १०० लिटर पाणी, १० पीपीएम." लिहायला अर्धा मिनिट लागतो. पोपटी अवस्थेचे मेसेज अजून आठवडाभर येत राहतील. ज्यात नुसतं मिली असेल, त्याच्या खाली मी "कशाचे?" एवढंच लिहिणार आहे. राग मानू नका.