सेप्सिसनंतर ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणणं कुठे चुकतं

“डॉक्टर, आईची प्रतिकारशक्ती कमी पडली. आता ती वाढवायला काय द्यायचं तेवढं लिहून द्या.”

डिस्चार्जच्या दिवशी मुलाने हे विचारलं. मेहकरकडच्या खेड्यातली, पंचावन्नच्या आसपासची बाई. आठ वर्षांपासून साखर. कापूस वेचताना पऱ्हाटीचा खुंट पायात घुसला. तीन-चार दिवस हळद लावून काम चालूच होतं. मग थंडी वाजून ताप आला. गावाजवळ कुणीतरी इंजेक्शन दिलं, ताप उतरला, सगळे निश्चिंत झाले. दुसऱ्या दिवशी ती बरळू लागली, हातपाय गार पडले आणि लघवी जवळजवळ बंद झाली. त्यानंतर नऊ दिवस आयसीयू. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

मुलाचा प्रश्न साधा आणि मायेचा होता. पण त्यामागची कल्पना चुकीची आहे, आणि ती फक्त त्याचीच नाही. प्रतिकारशक्ती म्हणजे जणू टाकीतलं पाणी, कमी झालं की ओतायचं, असं आपण सगळेच धरून चालतो. औषधांच्या जाहिरातींनी ती समजूत आणखी पक्की केली आहे.

त्या बाईची प्रतिकारशक्ती सुरुवातीला कमी पडलीच नव्हती. ती भडकली होती. २०१६ साली जगभरच्या तज्ज्ञांनी सेप्सिसची व्याख्या नव्याने केली. तिचा अर्थ असा: जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल होतो आणि त्यामुळे अवयव निकामी होऊन जीव धोक्यात येतो. या व्याख्येत जंतूपेक्षा शरीराच्या प्रतिसादाला जास्त महत्त्व आहे. ‘रक्तात इन्फेक्शन पसरलं’ असं आपण म्हणतो, पण कित्येक रुग्णांच्या रक्तात जंतू सापडतही नाहीत.

होतं असं. पायातल्या जखमेत जंतू वाढले की पांढऱ्या पेशी रासायनिक निरोप सोडतात. त्या जागी रक्तवाहिन्या रुंदावतात, सैल होतात आणि पेशी बाहेर येऊन जंतूंशी लढतात. जखम लाल होते, सुजते, ती यामुळेच. हे पायापुरतं राहिलं तर उत्तम. पण तेच निरोप अंगभर गेले तर सगळीकडच्याच रक्तवाहिन्या रुंदावतात आणि झिरपू लागतात. मग रक्तदाब पडतो, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात, मूत्रपिंडाला रक्त मिळत नाही, मेंदू गोंधळतो. जखम पायाला आणि बिघाड मूत्रपिंडात, हे नातेवाइकांना पटत नाही, ते यामुळे.

मग हा भडका विझवला की झालं? शास्त्रज्ञांनाही तसंच वाटलं होतं. १९९०च्या दशकात दाह पेटवणाऱ्या ‘टीएनएफ’ नावाच्या निरोपाला अडवणारी औषधं मोठ्या चाचण्यांत वापरून पाहिली. अपेक्षेइतके जीव वाचले नाहीत. का, याचं एक उत्तर अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले डॉ. रिचर्ड हॉचकिस आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दिलं. आयसीयूत सेप्सिसने दगावलेल्या ४० रुग्णांच्या प्लीहेच्या आणि फुप्फुसांच्या पेशी त्यांनी मृत्यूनंतर काही तासांच्या आत मिळवल्या. इतके आजारी रुग्ण, म्हणजे या पेशी खवळलेल्या असायला हव्यात. प्रयोगशाळेत त्यांना डिवचलं, तर त्यांनी सोडलेले निरोप इतर रुग्णांच्या पेशींच्या तुलनेत बहुतेक वेळा एक दशांशही नव्हते. पेशी थकल्या होत्या, बऱ्याच मरूनही गेल्या होत्या.

म्हणजे एकाच माणसात आधी भडका असतो आणि पुढे थकवा. कधी दोन्ही एकाच वेळी. याच्याही आधी बर्लिनमध्ये डॉ. हान्स-डीटर फोल्क यांच्या गटाने या थकव्याची एक खूण मोजायला सुरुवात केली होती. काही पांढऱ्या पेशी जंतूचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर जणू पाटीवर लावून इतर पेशींना दाखवतात. थकलेल्या रुग्णात या पाट्याच कमी होतात. शत्रू आत असतो, पण इतर पेशींना त्याची ओळख पटत नाही. अशा अवस्थेत एरवी निरुपद्रवी असलेले जंतू आणि बुरशी त्रास देतात, आणि वर्षानुवर्षं शरीरात झोपून असलेले विषाणू जागे होतात.

हे दूरचं वाटत असेल तर २०२१चा उन्हाळा आठवा. महाराष्ट्रात घराघरात एक नवा शब्द पोहोचला: म्युकरमायकोसिस. ही बुरशी मातीत, कुजलेल्या पाल्यात नेहमीच असते. शेतकरी जन्मभर ती हुंगत असतो आणि त्याला काही होत नाही. मग त्या वर्षीच ती माणसांचे डोळे आणि जबडे का खाऊ लागली? गंभीर कोविड, वाढलेली साखर आणि स्टेरॉइड, या तिघांनी मिळून बचावाची फळी मोडली होती. आणि गंमत म्हणा की शोकांतिका, स्टेरॉइड हे कोविडमध्ये जीव वाचवणारं औषध होतं. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोनने ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू कमी केले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. चाचणीतला डोस होता दिवसाला सहा मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. आपल्याकडे अनेकांना ते आधी, जास्त आणि लांबवर दिलं गेलं.

म्हणून माझा राग टॉनिकपेक्षा या इंजेक्शनवर जास्त आहे. साध्या तापाला, अंगदुखीला स्टेरॉइड टोचण्याची पद्धत आपल्या भागात अजून गेलेली नाही. त्याने ताप उतरतो, अंग हलकं वाटतं, भूकही लागते. रुग्ण म्हणतो, ‘डॉक्टरच्या हाताला गुण आहे.’ जंतू मात्र तिथेच असतात, साखर चढते आणि धोक्याची घंटा तेवढी बंद होते. त्या बाईला नेमकं काय टोचलं होतं, ते मला कधीच कळलं नाही, कारण चिठ्ठीच नव्हती. कृपया इंजेक्शन घेताना त्याचं नाव लिहून मागा. हा तुमचा हक्क आहे, आणि दुसऱ्या दिवशी तुमचा जीव त्यावर अवलंबून असू शकतो. (सेप्टिक शॉकमध्ये आम्हीही कधीकधी स्टेरॉइड देतो. पण ते आयसीयूत, अँटिबायोटिक सुरू असताना आणि साखर तपासत. दमा किंवा संधिवातासाठी नियमित स्टेरॉइड घेणाऱ्यांनी हे वाचून गोळी अचानक बंद करू नये, तेही धोक्याचं आहे.)

मग थकलेल्या पेशींना जागं करणारं औषध नाहीच का? शोध सुरू आहेत. आपल्या देशातलं एक उदाहरण सांगण्याजोगं आहे. प्रतिकारशास्त्रज्ञ डॉ. जी. पी. तलवार यांनी कुष्ठरोगासाठी एका निरुपद्रवी जिवाणूपासून ‘एमडब्ल्यू’ नावाची लस तयार केली. पुढे चंडीगडच्या पीजीआयमध्ये ती सेप्सिसच्या रुग्णांत वापरून पाहिली गेली. निष्कर्ष आशादायक होते, पण चाचण्या लहान होत्या. अडचण अशी, की पेशी चेतवणारं औषध भडक्याच्या अवस्थेतल्या रुग्णाला दिलं तर ते तेल ओतल्यासारखं होईल. आधी रुग्ण कोणत्या अवस्थेत आहे हे मोजायला हवं, आणि ती तपासणी आज आपल्या जिल्ह्यात होत नाही. मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या ‘इम्युनिटी’च्या गोळ्यांचा या सगळ्याशी काही संबंध नाही.

मात्र सगळं आयसीयूवर अडलेलं नसतं. आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांमधला सेप्सिस ओळखायला आणि घरी अँटिबायोटिक द्यायला शिकवलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे आकडे आले. सेप्सिस झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के दगावत होती, या उपचारानंतर २.८ टक्के. भडका लहान असताना, वेळेत हात घातला, एवढंच त्यात होतं. मोठ्या माणसांच्या बाबतीतही घरच्यांना ओळखता येतील अशा खुणा आहेत. मिनिटाला २२ किंवा जास्त श्वास, असंबद्ध बोलणं किंवा गुंगी, गार पडलेले हातपाय, दिवसभरात लघवी अगदी कमी. म्हाताऱ्या माणसांत ताप नसतोही, उलट अंग गार लागतं. यातलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, १०८ला फोन करा.

आणि घरी आल्यावर? अमेरिकेतल्या वयस्कर रुग्णांच्या एका अभ्यासात सेप्सिसमधून वाचलेल्या दहापैकी चार जणांना ९० दिवसांच्या आत पुन्हा भरती व्हावं लागलं, आणि त्याचं सर्वांत मोठं कारण पुन्हा सेप्सिस हेच होतं. पेशींचा थकवा डिस्चार्ज कार्ड मिळालं म्हणून संपत नाही. इथे चूक आम्हा डॉक्टरांची आहे. कार्डावर इंग्रजीत ‘सेप्टिक शॉक’ लिहितो, गोळ्या समजावतो आणि पुढचे तीन महिने जपायचे आहेत हे सांगतच नाही.

त्या मुलाला मी टॉनिक लिहून दिलं नाही. साखर ताब्यात ठेवा, पायाची जखम रोज उघडून बघा, जेवणात डाळ, अंडी, शेंगदाणे वाढवा, रोज थोडं चालवा, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी घ्या, आणि ताप किंवा धाप दिसली की त्याच दिवशी या, असं सांगितलं. त्याचा चेहरा जरा पडला. एवढ्या खर्चानंतर डॉक्टरने साधी बाटलीही लिहू नये, असं त्याला वाटलं असणार.

तीन आठवड्यांनी तो आईला घेऊन आला. आदल्या रात्रीपासून खोकला आणि ताप, छातीत न्यूमोनिया. या वेळी मात्र ती चालत आली होती. साध्या वॉर्डात पाच दिवस राहून घरी गेली. फाइलच्या कव्हरवर मुलाने बॉलपेनने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘सेप्सिस झाला होता. साखर आहे. आधी हे वाचा.’