पुली बारा इंची, मुलगा दहावी नापास

१ जून ते ३१ जुलै हे मासेमारी बंदीचे दोन महिने. मिरकरवाडा, राजिवडा, कर्ला, साखरतर, कुठेही जा, बोटी शाकारलेल्या दिसतात. जाळी शिवली जातात, इंजिने उतरवली जातात. यंदा अशाच एका बोटीजवळ उभा होतो. आत ग्रीसने माखलेला माझा एक जुना विद्यार्थी होता. गणितात दोनदा नापास झाला आणि शाळा सुटली ती सुटलीच.

जुने इंजिन काढून तो ट्रकचे सेकंड हँड इंजिन बसवत होता. आपल्या किनाऱ्याला हे नवीन नाही. पण ट्रकचे इंजिन बोटीत जसेच्या तसे चालत नाही. ट्रकला समोरून वारा मिळतो, बोटीच्या पोटात वारा कुठला? म्हणून पंखा आणि रेडिएटर निघतात. त्या जागी समुद्राच्या पाण्यावर चालणारा कूलर येतो आणि त्याला पाणी देणारा वेगळा पंप लागतो. बोटीतले पाणी उपसायला आणखी एक पंप. दिवे, वायरलेस, जीपीएस यांसाठी मोठा अल्टरनेटर. हे सगळे क्रँकच्या पुढच्या पुलीवरून पट्ट्यांनी फिरवायचे. म्हणजे ट्रकच्या कारखान्याने केलेली मांडणी मोडून नवी मांडायची.

मी विचारले, "पंपाला एवढी मोठी पुली कशाला?"

"सर, इंजिन अठराशे फिरतंय, पंपाला बाराशेच हवेत. क्रँकची पुली आठ इंची, मग पंपाची बारा इंची."

आठवीच्या पुस्तकात 'चलन' या धड्यात हेच व्यस्त प्रमाण आहे. उर्दू शाळेत आम्ही त्याला माकूस तनासुब म्हणतो. फळ्यावर जे त्याला कधी जमले नाही, ते इथे तोंडावर होते.

मग त्याने सगळ्या पुल्यांच्या तोंडावरून दोरी ताणून दाखवली. एखादी पुली रेषेत नसली तर पट्टा कडेने झिजतो आणि काळी भुकटी पडते. छोट्या पुलीला पट्ट्याचा पुरेसा वेढा नसला तर तो घसरतो, किंचाळतो. म्हणून अल्टरनेटरचा ब्रॅकेट त्याने सरकवला होता. जोडीच्या पट्ट्यांतला एक तुटला तरी दोन्ही बदलायचे, कारण जुना ताणलेला असतो आणि सगळा भार नव्यावर येतो. दोन्ही पंप त्याने क्रँकच्या समोरासमोर, एक डावीकडे एक उजवीकडे बसवले होते. एकाच बाजूला ओढ राहिली तर पुढचे बेअरिंग लवकर जाते.

याला आपण जुगाड म्हणतो. मला ते मान्य नाही. खोल समुद्रात पंपाचा पट्टा तुटला तर इंजिन तापून बंद पडते आणि लाटांवर सात-आठ घरांचे कमावते हात असतात. ही अमानत आहे. कुराणात हजरत दाऊद यांना चिलखत बनवायला सांगितले आहे, तेही कड्यांचे माप नीट ठरवून. मापाला तिथेही महत्त्व आहे. पण आपल्या जमातीच्या गुणगौरव समारंभात टक्केवारीवाल्यांना शाल मिळते. हा मुलगा त्या दिवशी मंडपात खुर्च्या लावत असतो.

कौतुक करताना दोन गोष्टी मात्र खटकल्या. पहिली, एकाही पट्ट्यावर आवरण नव्हते. माझ्या चुलतभावाच्या उजव्या हाताची दोन बोटे अशाच उघड्या पट्ट्यात गेली आहेत. हलत्या बोटीत, रात्री, लुंगी नेसलेला खलाशी त्या इंजिनाशेजारून वावरतो. लोखंडी जाळीचा एक तुकडा इंजिनाच्या खर्चात कुठे दिसणारही नाही. दुसरी, काही लिहिलेले नव्हते. कुठे कोणत्या नंबरचा पट्टा, कोणत्या मापाची पुली, हे फक्त त्याच्या डोक्यात. उद्या तो आखातात गेला तर तांडेलाने कोणाला विचारायचे?

काम करत शिकलेल्यांचे कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत आहे. शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, शहरात आयटीआय आहे. बंदीच्या दोन महिन्यांत या मंडळींनी बंदरावर येऊन अशा मुलांची परीक्षा इंजिनाजवळच घ्यावी, मराठीत किंवा उर्दूत, तोंडी. आणि आपण, मोहल्ल्यातल्या शिकलेल्यांनी, फॉर्म भरून द्यायला हाताशी बसावे. एवढे तर आपल्याला येते.

मी त्याला एक वही नेऊन दिली. पट्ट्यांचे नंबर त्याने उर्दूत लिहिले, पुल्यांची माप मराठीत, कारण तांडेल मराठी वाचतो. जाळी अजून लावलेली नाही. बोट पाण्यात जाण्याआधी लावतो म्हणाला आहे, इन्शाअल्लाह. मी पुन्हा जाऊन बघणार आहे.