‘अर्धसत्य’ बघाच!

वर्गातल्या छोट्या दोस्तांनो, पोलिसांचा सिनेमा म्हटलं की तुम्हाला २०११ चा ‘सिंघम’ आठवतो. मलाही आवडतो तो. पण त्याच्या कितीतरी आधी, १९८३ साली, गोविंद निहलानींनी ‘अर्धसत्य’ काढला. पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाने तो बघावा असं माझं मत आहे. त्याहून लहान असाल तर थांबा, मारहाण फार आहे.

सिनेमा हिंदी आहे, मग मराठी वर्गाच्या अंकात कशाला? तर मूळ गोष्ट मराठी आहे, श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’. पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यातली कविता दिलीप चित्र्यांची. आणि रामा शेट्टी हा गुंड झालेत आपले सदाशिव अमरापूरकर. ते ओरडत नाहीत, हातवारे करत नाहीत, तरी भीती वाटते.

ओम पुरींचा सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर मुंबईत नोकरी करतो. त्याला पुढे शिकायचं होतं, पण पोलिसात असलेल्या वडिलांनी जबरदस्तीने त्याला पोलिसात घातलं. वडील (अमरीश पुरी) घरी आईला मारायचे, ते त्याने लहानपणी पाहिलेलं. आता गुंडाला पकडावं तर वरून दबाव येतो. हा आतल्या आत धुमसतो, दारू पितो. आणि एक दिवस तो सगळा राग कोठडीतल्या एका किरकोळ चोरावर निघतो. तो चोर मरतो.

इथे मी टीव्ही बंद करणार होतो. तोपर्यंत मी वेलणकरच्या बाजूने होतो ना! ‘सिंघम’मध्ये इन्स्पेक्टरने हात उचलला की आपण टाळ्या वाजवतो. इथे तोच हात बघवत नाही. आयर्लंडमध्ये गणवेशातल्या गार्डांकडे सहसा बंदूक नसते, त्यामुळे पोलिसाला भ्यायचं असतं हेच आपल्याला नीट माहीत नाही. मुंबईत वाढलेले माझे बाबा मात्र तो प्रसंग अगदी गप्प बसून बघत होते.

शेवट सांगत नाही. बाबा म्हणाले, वेलणकरने केलं ते बरोबर. आई म्हणाली, चूक. मी आईच्या बाजूने आहे, पण बाबांना पटवता आलेलं नाही. तुम्ही आईबाबांबरोबरच बघा, आणि कोण कोणाच्या बाजूने ते पुढच्या शनिवारी वर्गात सांगा.