अरेस्ट तर सगळ्यांनाच होतो

रुग्णालयातल्या मृत्यूचे कारण ज्यावर डॉक्टर लिहितो त्या फॉर्म ४ बद्दल गेल्या अंकात चार ओळी काय छापल्या, पत्रांचा ढीग पडला. बहुतेकांचा सूर एकच: कायदा त्यांनी बदलला आणि निस्तरायचे आम्ही. सूर अगदीच खोटा नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने सरकारी-खासगी असा भेद न ठेवता प्रत्येक रुग्णालयाने मृत्यूचे कारण विनाशुल्क लिहून निबंधकाला द्यायचे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाच्या हातात ठेवायची, असे ठरले.

आता यातली गंमत पाहा. मृत्यूच्या दाखल्यावर कारण दाखवायचे नाही, हे १९६९ च्या मूळ कायद्यातल्या कलम १७ चे सांगणे. शहाणपणाचे होते ते. क्षय, गुप्तरोग, दारू यांचा बोभाटा होणार नाही, एवढी खात्री असली की डॉक्टर खरे लिहितो. दाखल्यावर आजही कारण नसते. पण कलम १० आता तेच कारण, इतिहासासकट, आमच्या सहीशिक्क्याने घरच्यांना देते. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचे दार सताड उघडे!

तालुक्याच्या गावी नर्सिंग होम चालवणाऱ्या एका सहकाऱ्याने कळवले आहे. रक्ताच्या उलट्या होऊन रुग्ण गेला. त्यांनी सरळ ‘अल्कोहोलिक सिरॉसिस’ लिहिले. तिसऱ्या दिवशी मुलगा माणसे घेऊन दारात. “डॉक्टर, ते दारूचं तेवढं काढा, विम्याचं अडेल.” फॉर्म निबंधकाकडे गेलेला, काढणार कसे? शिवीगाळ झाली, काच फुटली. तेव्हापासून हे गृहस्थ प्रत्येक फॉर्मच्या ‘अ’ ओळीत ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहितात, ‘ब’ आणि ‘क’ कोऱ्या सोडतात. नोंदणी कार्यालयाने त्यावर कधी ब्र काढलेला नाही. वयाच्या रकान्यात खाडाखोड दिसली की मात्र फॉर्म त्याच पावली परत!

कार्यालयाला दोष देऊन आपली सुटका होत नाही. नातेवाइकांचा धाक नसतानाही आपण हेच लिहितो. पहाटे तीनला रेसिडेंट लिहितो, कारण त्याला कुणी शिकवलेले नाही. सकाळी कन्सल्टंट सही करतो, कारण त्याला वाचायला वेळ नाही. अरेस्ट ही मरण्याची रीत आहे, मरण्याचे कारण नव्हे, हे फॉर्मवरच छापलेले असते. पक्षाघाताने महिनाभर अंथरुणाला खिळलेली बाई न्यूमोनियाने गेली, तर ‘अ’ मध्ये ॲस्पिरेशन न्यूमोनिया, ‘ब’ मध्ये सेरेब्रल इन्फार्क्शन, ‘क’ मध्ये हायपरटेन्शन, मधुमेह भाग दोनमध्ये आणि प्रत्येकासमोर कालावधी. दोन मिनिटांचे काम. त्याऐवजी अरेस्ट लिहिले की कोडिंग करणाऱ्यापुढे आयसीडीचा एक निरुपयोगी कोड उरतो आणि ती बाई रक्तदाबाच्या हिशेबातून कायमची बाहेर जाते.

२०२० च्या राष्ट्रीय अहवालात नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले अवघे २२.५ टक्के. त्यातून आपले अरेस्ट वजा करा आणि मग आरोग्याच्या नियोजनाला नावे ठेवा.

सर्पदंशाचे उदाहरण झोंबणारे आहे. भारतात २००५ साली साप चावून सुमारे ४६ हजार माणसे मेली, हा अंदाज २०११ मध्ये ‘मिलियन डेथ स्टडी’तून आला. सरकारी आकडे त्याच्या आसपासही नव्हते. हे कळले कसे? नमुना नोंदणी योजनेतल्या घरी जाऊन, डॉक्टर नसलेल्या पाहणीदारांनी घरच्यांना विचारले, ऐकले ते लिहून घेतले आणि दोन डॉक्टरांनी ते स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवले. यातले बहुतेक मृत्यू रुग्णालयाबाहेरचे, म्हणून आपण सुटलो म्हणायचे. पण रुग्णालयात, मॉनिटर लावलेला असताना, सगळे रिपोर्ट हाताशी असताना गेलेल्या माणसाबद्दल आपण त्या पाहणीदारापेक्षा कमी सांगतो, याला काय म्हणावे?

घरी झालेल्या मृत्यूंसाठी फॉर्म ४अ आहे. अलीकडच्या आजारात ज्याने उपचार केले, त्यानेच तो द्यायचा. कधी न पाहिलेल्या वृद्धाचे प्रमाणपत्र स्मशानात अडते म्हणून शेजारधर्माने देऊ नका. बिल्डिंगचे सेक्रेटरी रागावतील, रागावू द्या.

निबंधकांकडे मागणी एकच: खाडाखोडीपायी फॉर्म परत करता, तसा नुसत्या अरेस्टचाही करा, सही करणाऱ्याला लेखी विचारा. आणि नातेवाइकांची प्रत रुग्णालयाऐवजी निबंधकाने द्यावी अशी दुरुस्ती व्हावी, म्हणून सोबतच्या निवेदनावर सह्या करून पाठवा. गेल्या वेळच्या निवेदनाला किती जणांनी उत्तर दिले, ते आम्ही छापत नाही, शोभणार नाही.

पुढच्या शाखासभेला प्रत्येकाने वर्षभरातल्या आपल्या फॉर्मच्या स्थळप्रती, नावे झाकून, आणाव्यात आणि शेजारी बसलेल्याला तपासायला द्याव्यात. ज्यांच्याकडे स्थळप्रतच नाही त्यांनी आजच्या मृत्यूपासून ठेवायला लागावे.