थांबणाऱ्याच्या पाठीशी कोण?

भरधाव मोटारीने एका स्कूटरस्वाराला उडवले. रस्त्याने जाणाऱ्या एकाने त्याला उचलून जवळच्या रुग्णालयात नेले. ही पोलीस केस आहे, आम्ही हात लावणार नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्या, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. तिथे पोचण्याआधीच जखमीने प्राण सोडला. वर्तमानपत्रात छापून आलेल्या या बातमीच्या आधारे परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २८ ऑगस्ट १९८९ रोजी न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत बजावले, की जखमीचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, मग तो सरकारी असो वा खासगी, पहिले कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कार त्यानंतरचे.

डॉक्टरांच्या कर्तव्याचा दाखला म्हणून या निकालाची आठवण नेहमी काढली जाते. त्यातली दुसरी गोष्ट मात्र मागे पडते. त्या दिवशी रस्त्यावर एक माणूस थांबला होता. त्याने जे करायचे ते केले होते. कमी पडली ती पुढची व्यवस्था. रस्त्यात कुणी विव्हळत पडलेला असताना गर्दी नुसती बघत राहते, मोबाइलवर चित्रीकरण करते, अशी दृश्ये पाहिली की ‘माणुसकी उरली नाही’ असे आपण चटकन म्हणून मोकळे होतो. हा निष्कर्ष सोपा आहे आणि सोयीचाही, कारण दोष एकदा माणसांच्या स्वभावावर टाकला की कुणालाच काही करायचे उरत नाही.

प्रश्न किती मोठा आहे हे आधी पाहू. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. महाराष्ट्रात हा आकडा दरवर्षी पंधरा हजारांच्या घरात असतो. दुखापतीनंतरच्या पहिल्या तासाला मोटार वाहन कायद्यानेच ‘गोल्डन अवर’ म्हटले आहे. जखमींना वेळेत उपचार मिळाले तर त्यांपैकी निम्मे वाचू शकतील, या डॉक्टरांच्या मताची नोंद विधी आयोगाने २००६ मधील आपल्या २०१व्या अहवालात घेतली होती. त्या तासाची सुरुवात रुग्णवाहिकेपासून होत नाही. ती घटनास्थळी हजर असलेल्या पहिल्या अनोळखी माणसापासून होते.

मग हा माणूस अडखळतो का? रस्ते सुरक्षेसाठी काम करणाऱ्या सेव्हलाइफ फाउंडेशनने २०१३ मध्ये हाच प्रश्न लोकांना विचारला. गंभीर जखमीला आपण मदत करू अशी शक्यता कमीच, असे ७४ टक्के लोकांनी सांगितले. त्यांपैकी ८८ टक्क्यांनी दिलेले कारण होते पोलिसांची चौकशी आणि कोर्टाचे खेटे. ‘नसते लचांड मागे लागेल’ हे वाक्य आपल्याकडे उगाच रूढ झालेले नाही. जखमीला घेऊन रुग्णालयाच्या दारात उभा राहिलेल्याला पहिला प्रश्न येतो, ‘तुम्ही पेशंटचे कोण?’ ‘कुणी नाही’ हे उत्तर द्यावे, तर नजरा बदलतात. मग डिपॉझिट कोण भरणार, कागदावर सही कोण करणार, पोलीस येईपर्यंत थांबा, जबाब द्या. रोजंदारीवर जाणाऱ्याचा दिवस तिथेच बुडतो. मोटार थांबवून उतरलेल्याला आणखी एक धास्ती असते. यानेच उडवले असणार असे समजून जमाव त्याच्यावरच धावून आला तर? पाय मागे ओढणारा माणूस निष्ठुरच असतो असे नाही. बहुतेकदा त्याने एवढा सगळा हिशेब क्षणात केलेला असतो.

दुसरे कारण गर्दीच्या स्वभावात आहे. न्यूयॉर्कमध्ये १९६४ साली एका तरुणीचा खून झाला आणि अडतीस जण नुसते बघत राहिले, अशी बातमी जगभर गाजली. पुढे ती बातमी बरीच अतिरंजित होती हे उघड झाले, पण तिच्यामुळे एका महत्त्वाच्या अभ्यासाला चालना मिळाली. जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रयोग केला. इंटरकॉमवर बोलता बोलता पलीकडच्या व्यक्तीला झटका आल्याचे ऐकू यायचे. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी ८५ टक्के लोक ती व्यक्ती बोलत असतानाच मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात हे प्रमाण ३१ टक्के निघाले. जबाबदारी सगळ्यांची झाली की ती कुणाचीच राहत नाही. शिवाय प्रत्येक जण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून अंदाज बांधतो. सगळेच शांत, म्हणजे फारसे गंभीर नसावे, असा सामूहिक गैरसमज तयार होतो.

तरीही गर्दी म्हणजे दगड, असे समजायचे कारण नाही. लँकेस्टर, ॲमस्टरडॅम आणि केपटाउन या शहरांत सार्वजनिक जागी झालेल्या २१९ भांडणांचे सीसीटीव्ही चित्रीकरण संशोधकांनी तपासले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर दहांपैकी नऊ घटनांत बघ्यांपैकी कुणी ना कुणी मध्ये पडल्याचे आढळले. बघे जितके जास्त, तितकी कुणीतरी पुढे येण्याची शक्यताही जास्त होती. आपल्याला तर यासाठी परदेशी दाखल्यांचीही गरज नाही. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांमध्ये स्फोट झाले, तेव्हा रुळांलगतच्या वस्त्यांतले लोक घरातल्या चादरी घेऊन धावले आणि त्यांच्याच झोळ्या करून त्यांनी जखमींना उचलले. त्याच्या आदल्या वर्षी २६ जुलैच्या प्रलयात मुंबईकरांनी अनोळखी माणसांना घरात घेतले, खाऊ घातले. त्या दोन्ही वेळी काय घडले आहे याबद्दल संभ्रम नव्हता, मदत करणाऱ्यावर संशय घेतला जाणार नव्हता आणि शेजारी बरोबर होते. संभ्रम, संशय आणि एकटेपणा या तीन गोष्टी दूर झाल्या की हीच माणसे धावतात. त्या दूर करणे हेच सार्वजनिक धोरणाचे काम आहे.

कायद्यापुरते बोलायचे तर हे काम बरेचसे झाले आहे. सेव्हलाइफ फाउंडेशनच्याच याचिकेवर ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदतकर्त्यांच्या संरक्षणासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १३४ए आले. सद्हेतूने, स्वेच्छेने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर, त्या प्रयत्नात काही चूक झाली तरी, दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. सप्टेंबर २०२०च्या नियमांनुसार त्याला नाव, पत्ता किंवा अन्य वैयक्तिक माहिती देण्याची सक्ती पोलीस वा अन्य कुणीही करू शकत नाही. स्वतःहून साक्षीदार व्हायला तो तयार असेल, तरच त्याचा जबाब घेता येतो, तोही त्याच्या सोयीने. हे हक्क सांगणारी सनद प्रत्येक सरकारी आणि खासगी रुग्णालयाने प्रवेशद्वाराशी हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत लावायची आहे. जखमीला वेळेत रुग्णालयात पोचवणाऱ्याला २०२१ पासून पाच हजार रुपये देण्याची योजना होती. २०२५ मध्ये ‘राहवीर’ योजनेत ही रक्कम पंचवीस हजार झाली. मे २०२५ पासून अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोकडरहित उपचारांची योजनाही लागू झाली आहे. ‘डिपॉझिट कोण भरणार’ या प्रश्नावरचा हा उतारा आहे.

घोडे पेंड खाते ते अंमलबजावणीत. या संरक्षणाची ८४ टक्के लोकांना माहितीच नाही, असे २०१८च्या पाहणीत दिसले. आपल्या गावातल्या किंवा वॉर्डातल्या रुग्णालयाच्या दारात ती सनद मराठीत लावलेली आहे का, हे वाचकांनी एकदा स्वतः जाऊन पाहावे. नसेल तर तो नियमभंग आहे. लोकांना कायदा कळतो तो राजपत्रातून नव्हे, तर केसपेपर काढणाऱ्या कारकुनाच्या आणि ठाणे अंमलदाराच्या वागण्यातून. तिथे एकाला त्रास झाला की त्याच्या तोंडून ऐकलेले पन्नास जण पुढच्या वेळी गाडी थांबवत नाहीत. बक्षिसाची रक्कम वाढवण्यापेक्षा हा एक अनुभव सुधारणे अधिक परिणामकारक ठरेल. कायद्यातली एक उणीवही भरून काढायला हवी. हे स्पष्ट संरक्षण रस्ते अपघातापुरते आहे. फलाटावर हृदयविकाराचा झटका आलेल्या प्रवाशाला किंवा नदीत बुडणाऱ्या मुलाला वाचवायला जाणाऱ्याला ते तितक्याच नेमकेपणाने मिळायला हवे.

महाराष्ट्रात एक चांगली सुरुवात झालेली आहे. महामार्ग पोलिसांनी १ मार्च २०२१ पासून ‘मृत्युंजय दूत’ हा उपक्रम सुरू केला. महामार्गालगतचे गावकरी, ढाब्यावरचे आणि पेट्रोल पंपावरचे कामगार यांचे गट करायचे, त्यांना प्रथमोपचार शिकवायचे, स्ट्रेचर आणि ओळखपत्र द्यायचे, अशी ही कल्पना. अपघातानंतर पहिल्या पाच मिनिटांत जे पोचू शकतात, त्यांनाच तिने हाताशी धरले. ओळखपत्रामुळे संशय जातो, प्रशिक्षणामुळे संभ्रम जातो आणि गटामुळे एकटेपणा. हा उपक्रम वर्षातून एकदा रस्ता सुरक्षा सप्ताहात आठवण्यापुरता राहू नये. राज्य मार्गांवर, घाटांत आणि शहरांतल्या धोक्याच्या चौकांतही तो जायला हवा. शाळा-महाविद्यालयांत आणि वाहन परवाना देतानाही प्रथमोपचाराचे प्रत्यक्ष शिक्षण सक्तीचे करायला हरकत नाही.

नागरिकांना करायचे आहे ते फार अवघड नाही. आधी १०८ किंवा ११२ला फोन लावा आणि ठिकाण नीट सांगा. जमलेल्या लोकांना ‘कुणीतरी फोन करा’ असे म्हणू नका. एकाकडे बोट दाखवून ‘दादा, तुम्ही १०८ लावा’, दुसऱ्याला ‘ताई, तुम्ही मागच्या गाड्या थांबवा’ असे सांगा. नेमून दिलेले काम माणूस सहसा टाळत नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखम दाबून धरा. आग किंवा पुन्हा धडक बसण्याचा धोका नसेल तर जखमीला ओढाताण करून हलवू नका, मान वाकू देऊ नका, तोंडात पाणी ओतू नका. कुणी मदतीला थांबले असेल तर त्याच्या बाजूला उभे राहा. त्याला कुणी दरडावत असेल तर कायदा त्याच्या बाजूने आहे हे ठणकावून सांगा.

जवळ थांबून दुसऱ्याचा जीव वाचवू पाहणाऱ्याला दारात अडवणारे रुग्णालय आणि त्याला आरोपीसारखे वागवणारे ठाणे यांची तक्रार झाली पाहिजे आणि तिची दखलही घेतली गेली पाहिजे. आरोग्य आणि गृह खात्याने जिल्ह्याजिल्ह्यातल्या रुग्णालयांची या एका निकषावर तपासणी करून तिचे निष्कर्ष जाहीर करावेत. सरकारने एवढे करावे. आणि आपण, पुढच्या वेळी रस्त्यात कुणी पडलेला दिसला, तर गाडी बाजूला घ्यावी.